बोलीवरून माणूस शोधणाऱ्या यमुनाबाई

डॉ. यमुनाबाई सबनीस आमच्या दारात पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझ्या आईनं त्यांना घरात घेतलं नव्हतं. बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी का, याचा मी बराच विचार केला. शेवटी त्यांनाच विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "झालं तसं लिही. सजवलंस तर माझं मला ओळखू यायचं नाही."

स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीवहिली वर्षं. आमचं घर चिंचवड गावात, पवनेपासून हाकेच्या अंतरावर. पिंपरीच्या बाजूला नुकते कारखाने उभे राहू लागले होते आणि माझा थोरला भाऊ त्यातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. युद्धाच्या काळात दादा कोल्हापूरजवळच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत हेच काम करायचा. तिथल्या अनाथ मुलींमध्ये वाढलेली हालिना नावाची मुलगी दवाखान्यात मदतीला यायची. छावणी उठली, तिथली माणसं कुणी विलायतेला, कुणी पोलंडला गेली. हालिना दादाशी लग्न करून चिंचवडला आली. आईनं तिचं नाव हेमा ठेवलं. ही माझी वहिनी.

वहिनी मराठी शिकली ती आईकडून, चुलीपुढं बसून. त्यामुळं निळ्या डोळ्यांची ती गोरीपान बाई "व्हय आत्याबाय", "न्हाई वो" असं अस्सल मावळी बोलायची. बाजारात लोक वळून बघायचे. आपल्या गावाबद्दल, माणसांबद्दल ती अवाक्षर काढत नसे. तिचे वडील जंगलखात्यात रखवालदार होते, युद्धाच्या सुरुवातीला रशियन शिपायांनी सगळ्या कुटुंबाला आगगाडीत घालून दूर उत्तरेला नेलं, आईबाप वाटेत गेले, एवढंच दादाला माहीत होतं. एक मोठी बहीण होती, तिचं काय झालं हे विचारलं की वहिनी उठून जाई. आम्हीही मग विचारायचं सोडून दिलं.

यमुनाबाई तेव्हा तळेगावला वडिलांसोबत राहत आणि पुण्याच्या एका कॉलेजात शिकवत. पदवीनंतर त्यांनीही त्याच छावणीत काही काळ इंग्रजी शिकवलं होतं. छावणी मोठी होती, तिथं वहिनीची आणि त्यांची गाठ पडली नव्हती. पण त्यांच्या आयुष्याची वाट मात्र तिथंच ठरली. बाई सांगतात, सामाईक स्वयंपाकघरात एकदा बायकांचा बटाट्यावरून वाद जुंपला. एक म्हणाली "झेम्न्याकी", दुसरी म्हणाली "कार्तोफ्ले", तिसरी म्हणाली "बुल्बा", आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलाच शब्द खरा. घरदार, शेत, देश, सगळं गेलेल्या त्या बायका एका शब्दासाठी का भांडताहेत, हा प्रश्न बाईंच्या मनात रुतला. पुढं पोलिश, रशियन, चेक अशा स्लाव भाषा त्या शिकल्या, पण त्यांचं लक्ष कायम राहिलं ते एकाच भाषेत गावागणिक पडणाऱ्या फरकाकडं. माणसं हा फरक का जपतात आणि कधी टाकून देतात, हाच त्यांच्या सगळ्या संशोधनाचा विषय.

दलदलीच्या मुलखातली एक पोलिश बाई चिंचवडात नांदते आहे, हे कुठून तरी कळल्यावर त्या आमच्याकडं आल्या. त्यांनी दारातूनच पोलिशमध्ये काहीतरी म्हटलं. वहिनी जात्यावरून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "कोन पायजे तुमाला? आमी मराठीच बोलतो." आई पुढं झाली. "आमच्या सुनंला कामं हायती," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

आईच्या मनातली भीती मला नंतर कळली. तिला वाटलं, ही शिकलेली बाई आपल्या सुनेला तिच्या मुलखाची याद करून देणार आणि सून एक दिवस निघून जाणार. वहिनीच्या पदरी तेव्हा तान्हं पोर होतं.

बाई पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या. आत कुणी बोलावलं नाही तर ओट्यावर बसून आईशीच बोलत. एका रविवारी आईनं सरळच विचारलं, "तुमी हिला न्यायला आलाय का?"

"नाही हो आई," बाई म्हणाल्या. "पण ती मनात रोज तिकडं जाऊन येत असेल, तर तुम्ही-आम्ही तिला कशा अडवणार? एकटी जाते. कुणी सोबतीला असलं तर परत येणं सोपं जाईल, एवढंच मला वाटतं."

आई उंबऱ्यातून बाजूला सरकली. मग आत वळून म्हणाली, "हेमा, च्या ठेव गं. बाईंना आत बसू दे."

त्या दिवशी बाईंनी वहिनीला एकच गोष्ट विचारली. बटाट्याला शाळेत काय म्हणायला शिकवलं ते नको, तुझी आई काय म्हणायची ते सांग. वहिनी भुईकडं बघत हळूच म्हणाली, "बुल्बा." मग तिचं तिलाच हसू आलं. छावणीच्या शाळेत हाच शब्द उच्चारला म्हणून मास्तरीणबाई रागावल्या होत्या, गावंढळ म्हणाल्या होत्या, हे तिनं आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

पुढची काही वर्षं बाईंचे रविवार आमच्या घरीच गेले. वहिनीचं गाव मोठ्या दलदलीत होतं. रस्ता नाही, एका गावातून दुसऱ्या गावात होडीनं जायचं. त्यामुळं तिथं गावागणिक बोली बदलते, असं बाई म्हणत. पवनेच्या उथळ पाण्यात उभे असलेले मोठे करकोचे दिसले की वहिनी "बुसेल, बुसेल" म्हणून मुलाला दाखवायची. शहरी पोलिशमध्ये त्याच पक्ष्याला "बोचान" म्हणतात. वाक्याच्या शेवटी आवाज वर नेऊन मध्येच सोडून द्यायचा, ही वहिनीची लकब बाईंनी इतकी ऐकली, की त्या दोघी बोलायला लागल्या की शेजारच्या खोलीतून मला कोण बोलतंय ते कळेनासं झालं.

मी त्यांची शिष्या झाले ती अशी, घरातल्या घरात. तेव्हा मी पुण्याला कॉलेजात जायला लागले होते आणि सकाळच्या गाडीला बाई तळेगावहून आलेल्या असत. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुला माहीत आहे का, दापोडीपर्यंत तू 'न्हाई' म्हणतेस आणि खडकी गेली की 'नाही' म्हणायला लागतेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आता नाही चुकणार."

"चूक कुठली?" त्या म्हणाल्या. "खडकीला तू कशाला भितेस, एवढंच मला समजून घ्यायचंय."

एवढ्या एका वाक्यानं मी भाषाविज्ञानाकडं वळले. आज मी स्वतः हा विषय शिकवते आणि वर्गात कुणी मुलगी बोलता बोलता मध्येच अडखळून शब्द बदलते, तेव्हा मला ती गाडी आठवते.

बाईंची तत्त्वनिष्ठा सांगायची तर त्यांच्या प्रबंधाची हकीकत सांगायला हवी. तो प्रबंध वहिनीच्या बोलीवर उभा होता. परीक्षकांपैकी एका मान्यवरांचा आग्रह होता, की ही धड पोलिशही नाही आणि धड शेजारची भाषाही नाही, तेव्हा तिचा उल्लेख "भ्रष्ट मिश्र बोली" असा करावा. एवढा बदल केला की पदवी लगेच मिळणार होती. बाईंनी तो केला नाही. "ज्या बाईनं मला ही भाषा दिली तिच्या घरी मी जेवते," असं त्यांनी उत्तर दिलं. पदवी लांबली, तिच्यासोबत बढतीही लांबली. वडील आजारी, घर चालवणाऱ्या त्या एकट्या. पण हे त्यांनी आमच्या घरी कधी कळू दिलं नाही. मला ते बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका प्राध्यापकांकडून समजलं.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बाईंना पोलंडला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. इतकी वर्षं ज्या भाषा कानांत साठवल्या त्या त्यांच्या मुलखात ऐकायला मिळणार म्हणून त्या हरखून गेल्या होत्या. मात्र ज्या गावासाठी जीव तुटत होता तिथं जाता येणार नव्हतं. युद्धानंतर सरहद्द सरकली होती. वहिनीचं गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलं होतं आणि तिथल्या पोलिश लोकांना उठवून पार पश्चिमेकडच्या, जर्मनांनी सोडलेल्या गावांमध्ये वसवलं होतं. विखुरलेल्या माणसांच्या बोलींचं नव्या गावात काय होतं, हाच बाईंनी अभ्यासाचा विषय घेतला.

निघण्याआधी त्या निरोप घ्यायला आल्या. आईनं ट्रंकेतून एक इरकली खण काढला आणि त्यांच्या हातात दिला. "सुनंच्या म्हायेरचं कुनी भेटलं तर द्या. न्हाई भेटलं तर माघारी आना." वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. बाई दारापर्यंत गेल्यावर मात्र तिनं हाक मारली आणि एकच शब्द सांगितला, "झोशा." बहिणीचं नाव आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

पुढं काय झालं ते बाईंच्याच तोंडून ऐकलेलं आहे. पश्चिमेकडच्या एका खेड्यात त्या शाळामास्तरांसोबत हिंडत होत्या. एका घराच्या धुराड्यावर करकोच्याचं घरटं होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, याला काय म्हणता? मास्तर म्हणाले, "बोचान." कुंपणापाशी उभी असलेली एक म्हातारी तोंड फिरवून पुटपुटली, "बुसेल." आणि शेवटी आवाज वर नेऊन तिनं तो तसाच सोडून दिला. बाई सांगतात, "मला वाटलं, मी तुमच्या ओट्यावर बसले आहे." बाई त्या म्हातारीशी वहिनीच्या बोलीत बोलायला लागल्या. ओव्हरकोटाखाली साडी नेसलेली, सावळी, कपाळावर कुंकू लावलेली बाई आपल्या दलदलीतलं बोलते आहे, हे पाहून म्हातारीनं आधी छातीवर क्रुसाची खूण केली. मग विचारलं, "कुठली गं तू, पोरी?"

"चिंचवडची," बाई म्हणाल्या.

"ते नदीच्या अलीकडं की पलीकडं?"

ही गोष्ट सांगताना बाई अजूनही डोळे पुसतात. म्हातारी वहिनीच्या शेजारच्या गावातली निघाली. जंगल-रखवालदाराची थोरली मुलगी जिवंत आहे, जवळच्याच शहरात कापडगिरणीत कामाला आहे, हे तिनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बाई झोशाच्या दारात उभ्या होत्या.

हे त्यांनी आम्हाला पत्रानं कळवलं नाही, म्हणून दादा पुढं त्यांच्यावर रागावला होता. परतल्यावर सामानसुद्धा न सोडता त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडं आल्या. घरात आई, दादा, मी आणि वहिनी. बाईंनी वहिनीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "झोशा आहे. चांगली आहे. मी तिच्याशी दोन दिवस बोलले. ती काय म्हणाली ते मी तुला तिच्याच शब्दांत सांगते. मराठीत सांगणार नाही."

आणि त्या बोलू लागल्या. आवाज बाईंचाच, पण बोलणं दुसऱ्या कुणाचं. एव्हाना मला ती भाषा कळत होती. गिरणीतलं काम, नवरा, दोन मुली. सगळं स्वच्छ, शहरी पोलिश. बटाट्याला झेम्न्याकी, करकोच्याला बोचान. वहिनी ऐकत होती आणि तिचा चेहरा कोरा होत चालला होता. मध्येच ती मराठीत म्हणाली, "ही माजी भैन न्हाई. कुनी दुसरीच हाय. झोशा आसं बोलत न्हाई."

"तिला शहरात हसायचे गं," बाई मराठीत म्हणाल्या. "तिकडची, सरहद्दीवरची म्हणून. तिनं बोली टाकली. तुला इथं हसणारं कुणी नव्हतं, म्हणून तुझी राहिली. पुढं ऐक. पुढं तिचा तोल सुटला होता."

मग बाईंनी जे सांगितलं ते दलदलीच्या बोलीत होतं. उत्तरेकडून सुटका झाल्यावर दक्षिणेला येताना लागलेलं उझबेकिस्तानातलं इस्पितळ. झोशाला विषमज्वर, डोकं भादरलेलं. अनाथ मुलांना हिंदुस्थानात न्यायला गाडी लागलेली आणि धाकटी हालिना खिडकीला धरून बसलेली, तुझ्याशिवाय जाणार नाही म्हणून. झोशाला कळत होतं की आपण काही जगत नाही आणि ही इथं थांबली तर हीही मरेल. म्हणून तिनं तोंडाला येईल ते म्हटलं. तू मला कधीच आवडली नाहीस, तुझ्यामुळं आईचा घास कमी झाला, जा, तोंड दाखवू नकोस. "मी तिला हाकललं," झोशा म्हणत होती, बाईंच्या तोंडून म्हणत होती, "ती वळून बघत होती आणि मी चादर तोंडावर ओढून घेतली. चादरीखाली मी तिचंच नाव घेत होते. ते तिला कुणी सांगायचं?"

वहिनी उठली. आम्हाला वाटलं ती नेहमीसारखी आत जाईल. पण ती बाईंजवळ गेली, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि त्याच बोलीत मोठ्यानं रडू लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मराठीत तिला रडता येत नव्हतं की काय, असं वाटून गेलं. इतकी वर्षं तिनं बहिणीचा शोध घेतला नव्हता, पत्र धाडलं नव्हतं, नाव काढलं नव्हतं, कारण आपण तिला नको आहोत हे तिनं बहिणीच्या तोंडून ऐकलं होतं.

आईला शब्द कळत नव्हते. छावणीत पोलिश कानावरून गेलेल्या दादानं तिला हलक्या आवाजात सांगितलं. ती वहिनीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जायचं आसंल तर जा, पोरी. पोरांचं मी बगते."

दादा बाईंना सोडायला स्टेशनपर्यंत आला, मीही होते. त्याचा राग अजून गेला नव्हता. "पत्रानं कळवलं असतं तर इतके महिने तिला आधी समजलं असतं," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "ज्या भाषेत ते शब्द तिला लागले, त्याच भाषेत ते परत घ्यायला हवे होते. कागदावर ती भाषा कुणीच कधी लिहीत नाही हो. दुसरा उपाय मला सुचला नाही." दादा थांबला आणि रस्त्यातच त्यांच्या पाया पडला.

दोघी बहिणींची भेट मात्र आजवर झालेली नाही. पोरं लहान होती, मग कागदपत्रं अडली, मग आईचं आजारपण, मग दादाचं जाणं. पत्रं येतात-जातात. इरकली खणाचं काय करायचं हे झोशाला कळलं नाही, तिनं तो खिडकीला पडदा म्हणून लावला, तसा फोटो तिनं पाठवला आहे. आईनं तो पाहिला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हवा लागंल त्याला." वहिनीची मुलं आता मोठी झाली. त्यांच्याशी ती त्या दिवसापासून आपल्या बोलीत बोलू लागली, त्यामुळं पिंपरीच्या कारखान्यात पाळी करणारा माझा भाचा घरी आल्यावर दलदलीच्या बोलीत जेवायला मागतो.

बाईंची कारकीर्द त्यानंतर बहरली. त्यांचे लेख परदेशी विद्वान आदरानं उद्धृत करतात, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी मावळापासून कोकणापर्यंत बोलींचा अभ्यास केला. त्याबद्दल या ग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका न मिळालेल्या गोष्टीबद्दल. वहिनीच्या गावाला जाण्याची परवानगी त्यांनी वेळोवेळी मागितली. ती कधीच मिळाली नाही. त्या गावातल्या होडीला, चिखलाला, धुक्याला, सरपणाला काय म्हणतात हे ज्यांना पाठ आहे, त्यांनी ते गाव पाहिलेलं नाही. मागच्या महिन्यात मी तळेगावला गेले, तेव्हा त्या अंगणात बसल्या होत्या. गुडघे दुखतात आता. म्हणाल्या, "तिथं पाण्यावरून हाक मारली की ती उशिरानं परत येते म्हणे. हालिना सांगते. मला ती एकदा ऐकायची होती." मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

बाई, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्या आयुष्यात ती परवानगी येवो, एवढंच मागणं आहे. आपण त्या होडीत बसाल तेव्हा वहिनी आपल्या शेजारी असो आणि काठावर झोशा उभी असो.

हा लेख मी वहिनीला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला आणि म्हणाली, "वन्सं, तुमी लय लिवलंय. मी आपली शंभरीच मागते बाईंसाटी. आमच्याकडं बी तेवडीच मागत्यात."

"तुमच्याकडं म्हणजे इथं, की तिकडं पोलंडात?" मी विचारलं.

"दोनीकडं," ती म्हणाली.